परतीची जागा

रविवार, ता. ९

ती. ताईंना घडीबाईचा वाकून नमस्कार.

पत्र मिळालं. लेकीकडे दोन-तीन महिने राहायचं आणि सगळं एकाच बॅगेत मावायला हवं, म्हणून मला विचारलंत, बरं केलंत. गेल्या खेपेसारखं करू नका बाई! भर फलाटावर चेन तुटली आणि तुमचा झोपायचा गाऊन वाऱ्यावर निघाला, तो हमालाने धावत जाऊन आणला. आठवलं की अजून हसू फुटतं.

तर नीट ऐका. न्यायचं ते सगळं आधी पलंगावर मांडा. त्यातलं निम्मं उचलून परत कपाटात ठेवा. 'असू दे, लागलं तर' म्हणून घेतलेलं कधीच लागत नाही. जड वस्तू चाकांच्या बाजूला, म्हणजे बॅग उभी केली की कपड्यांवर भार येत नाही. रोजचे कपडे घट्ट गुंडाळून तळाला, घडीचे वर. मोजे बुटांच्या आत. पट्टा शर्टाच्या कॉलरीत गोल घालायचा, म्हणजे कॉलर मोडत नाही. अगं बाई, तुम्हाला कुठला पट्टा नि कॉलर! हात आपल्या सवयीने लिहीत गेला.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, वर चार बोटं जागा मोकळी सोडा. येताना कपडे जातानासारखे कधीच मावत नाहीत. ते वापरलेले असतात, आपण दमलेलो असतो, घडी नीट पडत नाही. ती परतीची जागा. दुकानात मी दिवसभर शर्टांच्या घड्या घालते, पण हे तिथे नाही शिकले. यांच्या दौऱ्यांनी शिकवलं. यंत्रं दुरुस्त करायला परगावी जायचे आणि येताना तीच बॅग, तेच कपडे, तरी निम्मे कापडी पिशवीत कोंबून दारात उभे. मग मी तोंड सोडायची. तुम्हीच एकदा म्हणालात, "हिने भरलेली बॅग परत आणायची तर हिलाच सोबत न्यायला हवं." तेव्हापासून मी तुमची घडीबाई.

बाकी इकडे ठीक. दुकानात गर्दी असते. स्वयंपाकघरातला नळ गळत होता, तो प्लंबरने नीट करून दिला. तुम्ही म्हणाल, घरात यंत्रांचा माणूस असताना प्लंबर कशाला?

ताई, हे घरात नाहीत. दौऱ्यावरही नाहीत. मंगळवारी गेले. ज्या गावच्या कारखान्यात वर्षभर सारखं काम निघत होतं, तिथे एक बाई आहे. त्यांनीच सांगितलं, मान खाली घालून. "मला आता तिकडेच राहायचंय," एवढंच. तुम्हाला कळवतो म्हणाले, कळवलं नसणार. तुमच्यासमोर त्यांची जीभ रेटत नाही, मला ठाऊक आहे.

भांडलीस का, म्हणून विचाराल. भांडायला उठलेच होते. आत गेले तर हे बॅग भरत होते. भरत कसले, कोंबत होते! इस्त्रीचे शर्ट चुरगळून खाली, वर बूट तसेच. झाकण लागेना म्हणून त्यावर गुडघा रोवून बसलेले. माझ्याच्याने बघवेना. म्हटलं, "सरा बाजूला." आणि मी भरली हो बॅग. मीच भरली! सगळं उपसलं, पुन्हा घड्या घातल्या, बुटांत मोजे, कॉलरीत पट्टा. "तिकडे थंडी असते, स्वेटर वर ठेवते," असंसुद्धा म्हणाले. वेडी आहे मी. कुणी सांगितलं होतं एवढं चापूनचोपून भरायला? चष्मा म्हणा, दाढीचं सामान म्हणा, काही राहिलं असतं तर त्या निमित्ताने तरी दारात आले असते. पण मेलं माझ्या हातून काही राहतच नाही.

सवयीने वर चार बोटं सोडली होती. ते बघून म्हणाले, "अजून जागा आहे की." आणि खोलीभर नजर फिरवली. कपाट, आमचा दोघांचा फोटो, खिडकीतली त्यांची खुर्ची, मी. मग म्हणाले, "नको, झालं एवढंच." आणि चेन ओढली.

तेव्हा रडू आलं नाही. काल दुकानात एका गिऱ्हाइकाला शर्ट उलगडून दाखवला, यांच्याच मापाचा, आणि मला परत घडी घालता येईना. मालकीणबाईंनी हळूच हातातून काढून घेतला आणि मला आत पाणी प्यायला पाठवलं.

तुम्ही भावाला रागावू नका. बोलणं झालंच तर एवढंच सांगा की... नको, काही सांगू नका. पण कधी ती कापडी पिशवी घेऊन दारात उभे राहिलेच, तर या वेळी मी एका शब्दाने बोलणार नाही.

लेकीकडून परतायची तारीख मात्र कळवा. दर खेपेला तुम्हाला घ्यायला स्टेशनवर आम्ही दोघं येतो. या वेळी मी एकटीच आले तर चालेल ना?

तुमची,
अजूनही घडीबाईच म्हणाल या आशेवर असलेली
घडीबाई