पाण्यापाशी बोललेलं

१७ ऑक्टोबर १९८३, लालबाग

जायचं ठरलं! दाजीपूरच्या अभयारण्यात — बाबा आणि मी! धर्माकाका बाबांच्याच गिरणीतले. संप लांबला तसे गावी गेले, आता तिथे रानात राखणदार आहेत. "पोरगी झाडांचंच शिकते ना? घेऊन ये," असा त्यांचा निरोप आला. कॉलेजात वनस्पतीशास्त्र घेतलं खरं, पण रान अजून पुस्तकातच पाहिलंय.

आई म्हणाली, "जाऊन ये. मग कसलं रान नि कसलं काय!"

येत्या रविवारी साखरपुडा. रे रोडच्या लाकडाच्या वखारवाल्यांचा उत्तम. कॉलेज सोडायचं, एवढीच त्यांची अट. मी 'चालेल' म्हटलंय. पाठीवर दोन बहिणी, बाबा घरी बसून. दिलेला शब्द मोडायचा नाही.

१९ ऑक्टोबर, दाजीपूर

किती हिरवं! ऊन खाली पोचतच नाही. अंजनीचं झाड मी स्वतः ओळखलं! पान तोडलं नाही, इथे मनाई आहे. गळलेलं उचलतानाही काकांना विचारलं. ते हसले. माझ्या पायाला जळू लागली, मी किंचाळले, तर म्हणाले, "जळू बरी गो, पोट भरला की सोडता. मालक सोडीत नाय!" बाबा कितीतरी दिवसांनी खदखदून हसले.

दोन ओढे ओलांडल्यावर धबधबा! ते दोघे पलीकडच्या खडकावर बसले, मी पार पाण्याजवळ गेले. दणका असा की माझाच आवाज मला ऐकू येईना. मग काय झालं कोण जाणे — बोलूनच टाकलं! मोठ्याने! "मला हे लग्न नको. मला शिकायचंय." दोनदा!

बाबा समोरून बघत होते. मी हसून हात हलवला. कुणाला काही कळलं नाही. किती हलकं वाटलं!

२१ ऑक्टोबर

परतीच्या एस्टीत बाबांनी खिडकीची जागा मला दिली. मला उगाच अपराधी वाटतंय. रविवारी नीट हसेन.

२२ ऑक्टोबर

बाबा सकाळीच रे रोडला जाऊन नकार देऊन आले!

आई भडकली — "पोरगी हो म्हणाली होती ना!"

मी विचारलं, "बाबा, तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तूच सांगलंस गो, धबधब्याकडे. गिरणीत आमच्या सांच्यांच्या, मागांच्या दणदणाटात कोणाक काय ऐकू येता? इतकी वर्सां एकमेकांचे ओठ बघूनच बोललंव आमी."