आणि भाची

प्रिय मावशी,

रंगाचा डबा पोचला. शिंपीकाकांनी तो मांडीवर धरून एवढा प्रवास केला, आणि आमच्या कार्यशाळेत माझ्या हाती देताना तुझा निरोपही जसाच्या तसा दिला: एवढं शिकून पोरीला साधा रंग मारता येत नाही का, म्हणावं, संग्रहालयात गाडी उभी राहणार, चार लोक बघणार, आणि तिच्या अंगावर ही अवकळा. निरोप त्यांनी तुझ्याच आवाजात दिला, कमरेवर हात ठेवून. मी त्यांना चहा दिला, तुझी लाँड्रीची गाडी दाखवली. तिच्याभोवती एक फेरी मारून ते म्हणाले की खरंच गं, पार पोतेरं झालंय. म्हणजे तुझ्या बाजूनं दोन मतं पडली. डबा मी फळीवर ठेवलाय. उघडलेला नाही आणि उघडणारही नाही. का, ते फोनवर सांगता येत नाही. फोनवर तू आधी जेवलीस का विचारतेस, मग झोप पुरते का विचारतेस, आणि माझी दोन्ही उत्तरं ‘हो’ अशी आली की आपलं बोलणं संपतं. म्हणून लिहितेय.

माझं काम नेमकं काय, हे मी तुला कधी नीट सांगितलेलं नाही. तू शेजारीपाजारी ‘ती जुन्या गाड्यांची डॉक्टर आहे’ असं सांगतेस, हे मला ठाऊक आहे. डॉक्टर बरं करतो. आम्ही बरं करत नाही, आहे तिथं थांबवतो. गाडी आली की आधी मऊ ब्रशनं धूळ सोडवायची. मग कापसाच्या बोळ्यानं, जेमतेम ओल्या, बोटभर जागा पुसायची आणि बोळा उजेडात धरून बघायचं की त्याला मळ लागलाय की रंग. मळ असेल तर पुढं जायचं, रंग असेल तर थांबायचं. गंज खरवडायचा नाही. तो वाढणार नाही एवढीच तजवीज करायची. सगळं झाल्यावर मेणाचा इतका पातळ हात द्यायचा की दिलाय हे कुणाला कळू नये. तू जन्मभर डाग काढलेस आणि मी पगार घेऊन डाग सांभाळते. पुढची पिढी मागचीचं सगळं उलटं करते म्हणतात; ते आपल्या घराइतकं कुणी मनावर घेतलं नसेल.

आमच्या वरिष्ठ बाईंना सगळे हळूबाई म्हणतात, कारण कार्यशाळेतून जाता-येता त्या प्रत्येकाच्या खांद्याशी थांबून ‘हळू’ एवढंच बोलतात. तुझा अवकळेचा निरोप मी त्यांना सांगितला. त्या म्हणाल्या, शब्द बरोबर आहे, फक्त अर्धा घ्या. वापरून, उन्हातून, हातांतून एखाद्या वस्तूवर जे रूप चढतं त्याला त्या ‘कळा’ म्हणतात. नव्या गाडीवर चकाकी असते, कळा नसते. ती विकत मिळत नाही, डब्यात तर नाहीच. हे तुला पटणार नाही. तू म्हणशील, बाईंनी कधी धुणं धुतलेलं दिसत नाही.

पण मी तुला तुझीच गाडी दाखवते, कारण तू ती रोज वापरलीस आणि बहुधा कधी पाहिली नाहीस. मागच्या दाराच्या उजव्या कडेला, तुझ्या कमरेच्या उंचीवर, रंग तांबड्या प्राइमरपर्यंत आणि मधोमध थेट पत्र्यापर्यंत गेलाय. दोन्ही हातांत गाठोडी घेऊन तू ते दार कमरेनं ढकलायचीस. पत्रा तिथं इतका गुळगुळीत झालाय की घडवून आणायचा म्हटला तरी जमणार नाही. मुठीखाली नखांच्या बारीक रेघा आहेत, सगळ्या एकाच बाजूला झुकलेल्या, कारण तू डावखुरी आहेस. आत लाकडी फळीवर इस्त्रीच्या आकाराचा काळा त्रिकोण आहे. तो कुणी उठवला यावर आपण दोघींनी एकमेकींकडे बोट दाखवलं होतं. निकाल अजून लागायचाय. आणि पायरीवर, खूप खाली, दोन झिजलेल्या जागा शेजारी शेजारी. त्या बुटांच्या टाचांच्या आहेत, लहान. तू घरोघर कपडे द्यायला आत गेलीस की मी त्या पायरीवर बसून टाचा आपटायची. ‘गार इस्त्री’ हे नाव तू मला तिथंच ठेवलंस. आई गेल्यानंतर तुझ्याकडे आले, तेव्हा मी कुणाशी बोलत नव्हते आणि रडतही नव्हते, नुसती बसून असायची. तू गिऱ्हाइकांना सांगायचीस, आमची इस्त्री अजून गार आहे, तापायला वेळ लागेल. हे सगळं तुझ्या डब्याखाली गेलं असतं, मावशी. दोन हातांत.

आता डाव्या बाजूचं सांगते. ती मी शेवटी घेतली. हळूबाईंना कामाच्या सोयीचं कारण दिलं.

त्या बाजूला ‘मावशी लाँड्री’ ही मोठी अक्षरं अजून वाचता येतात. उन्हानं फिकी झालीत, पण हललेली नाहीत. तुला आठवत असेल, ती नव्यानं काढायला रंगारी आला होता तेव्हा मी तुझ्याकडे येऊन दोनेक वर्षं झाली होती. मोठी अक्षरं संपल्यावर तू त्याला खाली लहान अक्षरांत ‘आणि भाची’ लिहायला सांगितलंस. तो हसायला लागला. ‘आणि मुले’ असं पुष्कळ पाट्यांवर लिहिलंय, म्हणाला, ‘आणि बंधू’ तर पोत्यानं. पण ‘आणि भाची’ कुठं कुणी लिहितं का? तू कपड्यांच्या घड्या मोजत होतीस, मान वर न करता म्हणालीस, “तुला अक्षरं काढायला बोलावलंय, नाती तपासायला नाही.” त्यानं गुपचूप लिहिलं. रंग ओला होता तोवर मी त्याच्यासमोरून हलले नाही. माझं नाव त्यात नव्हतं, पण माझ्याबद्दल असं लिहिलेलं मी तोवर कुठंच पाहिलं नव्हतं.

शिकायला निघाले तेव्हा तू मला बसपर्यंत पोचवायला आलीस. इस्त्री केलेल्या कपड्यांचं गाठोडं हातात दिलंस आणि म्हणालीस, “मागं वळून बघू नकोस.” मी बघितलं नाही. पहिल्या सुट्टीत परत आले तर गाडी दारात उभी होती आणि मोठ्या अक्षरांखाली कोरी पट्टी होती, बाकीच्यापेक्षा जरा पांढरी. मी काही विचारलं नाही. गरम पाणी काढलंय, आंघोळ करून घे, एवढंच म्हणालीस. तुझं बसपाशी म्हटलेलं वाक्य त्या दिवशी माझ्यासाठी बदललं. तोवर मी त्याला आशीर्वाद समजत होते. मग सुट्ट्या आखडत गेल्या, हे तुझ्या लक्षात आलं असणार. दर खेपेला कामाचं कारण असायचं, आणि ते खोटं नसायचं. तू म्हणायचीस ना, डाग आणि माणूस ओलं असतानाच धरावं. हा आपण दोघींनी वाळू दिला.

तर ती पट्टी. बाकी सगळ्या गाडीवर रंग खडूसारखा झिजलाय, बोट फिरवलं की पांढरं पीठ लागतं. फक्त त्या पट्टीत तो झिजलेला नाही, तिथं तो पापुद्र्यानं सुटतोय. कडा वर वळल्यात. हळूबाई म्हणाल्या, रंगवणाऱ्यानं घाई केलेली दिसते. मी म्हटलं, घाई करणारी बाई नाही ती. मग कारण शोधणं आलं. आधी वाटलं खाली गंज असेल, नव्हता. मग वाटलं साबण राहिला असेल, लाँड्रीची गाडी आहे. एक पापुद्रा आपण होऊन सुटला होता. त्याच्या कडेपासून थेट पत्र्यापर्यंत साखरेच्या दाण्याएवढा तुकडा घेतला, पारदर्शक राळेत बसवला, घासून सपाट केला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. असा तुकडा कापलेल्या वडीसारखा दिसतो, एकाखाली एक थर. सगळ्यांत खाली प्राइमर, त्यावर तुझा पांढरा, त्यावर गडद लाल, म्हणजे अक्षराचा रंग. सगळ्यांत वर नंतरचा पांढरा. आणि लाल व वरचा पांढरा यांच्या मधे एक बिनरंगाचा थर होता, काचेसारखा. तो तिथं असायला नको होता. मी त्यावर आयोडीनचा थेंब टाकला. तो निळा-काळा झाला.

मावशी, असा रंग आयोडीन एकाच वस्तूवर धरतं. ती म्हणजे खळ. कपड्यांची.

मी तुकडा बाजूला ठेवला आणि हात धुवून आले. मग दुसऱ्या टोकाचा आणखी एक पापुद्रा तपासला, तिथंही तेच. थर सगळीकडे सारखा जाड. गाडीवरच्या पट्टीवर खालून तिरपा उजेड टाकला तर ब्रशचे फराटे दिसतात, आडवे, एकसारखे, आणि कडा अक्षरांच्या बाहेर बरोबर बोटभर जाऊन थांबलेली. सांडलेली खळ अशी बसत नाही. खळीवर मारलेला रंग कोमट पाण्यानं केव्हाही सोडवता येतो, खालच्या अक्षराला न दुखवता. आम्हाला हे पहिल्या वर्षी शिकवतात: जे कराल ते पुढच्याला काढता आलं पाहिजे. तुला ते कुणी शिकवलं असेल असं मला वाटत नाही. ज्याला पुसायचं असतं तो घासतो, आणि घासायला तुझ्याकडे काय कमी होतं? अख्ख्या गावाचे डाग काढणाऱ्या बाईनं दोन शब्द काढायचे मनात आणलं असतं तर मला त्यांचा एक कणही सापडला नसता. तू ते घडी घालून ठेवलेस. का, ते सूक्ष्मदर्शकात दिसत नाही. मला जे वाटतं ते मी अंदाज म्हणून बाजूला ठेवलंय. एवढी वर्षं मी एका अंदाजावरच चालले होते, आणि तो चुकीचा निघाला.

आमच्याकडे नियम आहे की वापरणारं माणूस हयात असेल तर मोठा निर्णय त्याला विचारून करायचा. हे पत्र ती विचारणा आहे, असं मी हळूबाईंना सांगितलंय. त्या म्हणाल्या, मग एवढं लांबलचक कशाला? प्रदर्शन पुढच्या महिन्यात उघडतंय. पट्टी तशीच राहू दे म्हणालीस तर मी सुटलेले पापुद्रे एकेक करून चिकटवेन, नीट चिकटवेन, आणि पुन्हा हा विषय काढणार नाही. खाली काय आहे ते मला आता ठाऊक आहे. पण काढायची असेल तर ती मी एकटी काढणार नाही. तू ये. शिंपीकाकांना घेऊन ये, गुडघ्यांना त्रास होईल, पुढची सीट मागून घे. पाणी मी तापवून ठेवते, तुझ्या मनगटाला सोसेल इतपत. वाळलेल्या डागाशी घाई करू नये, कोमट पाणी लावून त्याच्याजवळ बसावं, हे तूच शिकवलंस. तशा आपण दोघी बसू, आणि मग तू मला सांग किंवा सांगू नकोस. मागं वळून बघू नकोस म्हणाली होतीस. मी बघितलं, मावशी. माझं कामच ते आहे.

तुझीच,
आणि भाची