उन्हातला पुदिना

१२ मार्च, गुरुवार. घाटकोपर.

आज फार थकलेय, तरी लिहिते.

ऊन कडक व्हायच्या आत गच्चीवरच्या कुंड्यांतला पुदिना कापून सुकवायचा, ही आमच्या आईंची, म्हणजे सासूबाईंची, दरवर्षीची पद्धत. तोही सावलीतच. लग्नानंतर मी एकदाच उन्हात टाकला होता, ते वीस वर्षं ऐकतेय.

ऑफिसातून आले तर पुदिन्याचा पंचा गच्चीच्या मधोमध. दिवसभरच्या उन्हानं पुदिना काळा पडलेला, वास म्हणून नाही. कामाला येणाऱ्या लतावर ओरडले.

"मला कशाला बोलता ताई? आजींनीच टाकला. मी म्हटलं सावलीत ठेवू, तर म्हणाल्या, तू मला शिकवू नकोस."

आईंनी? चष्मा विसरतात, गोळ्या विसरतात, ते मी वयावर ढकलत होते. पण हे?

पंचा घेऊन खाली आले. आईंनी एक काळं पान चुरून नाकाशी धरलं.

"उन्हात टाकलास ना गं? कितीदा सांगायचं, सावलीत!"

लता माझ्याकडे बघत राहिली.

"हो आई, चुकलंच माझं."

"वीस वर्षांत काही शिकली नाहीस," म्हणून हसल्या. अगदी नेहमीसारख्या.

काळा पुदिना बरणीत भरून ठेवलाय. टाकवला नाही.