तुझ्या डबीतल्या गोळ्या

अगं,

आधी खुर्चीत बस, मग वाच. तुझा फोन इथेच चार्जिंगला आहे, म्हणून कागद खराब करतोय.

सकाळपासून उजव्या हाताला मुंग्या आहेत आणि बीपीचं मशीन एकशे शहाण्णव दाखवतंय. शेजारचे सुतार गाडीतून दवाखान्यात नेतायत. मागे धावत येऊ नकोस, का ते सांगतो.

महिनाभर मी ब्लडप्रेशरची गोळी घेतलेली नाही. तिच्याऐवजी दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणारी क्रोमियमची पूरक गोळी घेतली. बाटलीवर छापलं होतं, रक्तवाहिन्या सैल होतात, दाब उतरतो. जन्मभर पेपरातल्या विनोदी सदरात जाहिरातींची टिंगल करून पोट भरलं आणि म्हातारपणी एका बाटलीने मला गुंडाळलं. डॉक्टरीणबाई आत्ता फोनवर म्हणाल्या, "क्रोमियमने दाब उतरतो याला भक्कम पुरावा नाही, आजोबा. औषध कुणाच्या सांगण्यावरून बंद केलंत?" म्हटलं, "लेबलाच्या." त्या हसल्या नाहीत.

आता खरी गोष्ट. दर रविवारी दोघांच्या डब्या मीच भरतो. आपली गोळी एकच, म्हणून तुझ्याही डबीत महिनाभर क्रोमियमच भरलं. विचारलं असतं तर तू नाहीच म्हणाली असतीस, म्हणून विचारलं नाही.

परवापासून तुझं डोकं दुखतंय. मी ते चष्म्याच्या नंबरावर ढकललं.

मशीन टेबलावर आहे. दहा मिनिटं शांत बस आणि मोज. आकडा एकशे ऐंशीच्या पुढे असला तर सुतारांच्या बायकोला हाक मार. तिला सगळं सांगितलंय. ती दार उघडं ठेवून बसली आहे.