छत्रीवरची लाल खूण

प्रिय खुशबूचे बाबा,

फोनवर तुम्ही रोज पहिलं हेच विचारता, टीव्ही लागला का. आज नीट सांगते. फोनवर सांगता येत नाही, कारण मामाजी जवळच्याच खाटेवर असतात आणि तुम्हाला तिकडे हैदराबादला नेहमी कुठेतरी जायची घाई असते. पत्र तरी पूर्ण वाचाल.

तुम्ही सांगितलं ते सगळं केलं. बॉक्स बंद करून पुन्हा लावला. वायरची पिन बदलली. डिशच्या छत्रीला पेरूची फांदी आड येत असेल म्हणालात, तीही तोडवली, आणि मामाजींची खाट मुद्दाम अंगणात आणून त्यांच्या डोळ्यांसमोर तोडवली. लकव्यानं उजवी बाजू गेली तेव्हापासून तुमच्या बाबांचा सगळा दिवस म्हणजे टीव्हीच. फांदी पडली तसे ते हसले. मग त्यांना आत नेऊन बसवलं, टीव्ही लावला, तर निळ्या पडद्यावर पुन्हा तेच 'नो सिग्नल'. त्यांचं तोंड उतरलं ते मी बघत राहिले. मला बरं वाटलं.

कारण छत्री मीच फिरवली आहे.

मृगाच्या वादळात ती खरंच हलली होती. तिरोड्याच्या श्यामलालनं येऊन ती बसवून दिली आणि सांगितलं, दोन बोटं इकडची तिकडे झाली की चित्र गेलंच म्हणून समजा. पुन्हा हलली तर माझी मला बसवता यावी म्हणून त्यानं पाइपावर एक आणि छत्रीच्या पट्टीवर एक अशी लाल रंगाची खूण केली. खुणेला खूण लावली की चित्र येतं. माझ्या आईला जाऊन वर्ष झालं त्या दिवशी मी शिडी लावून चढले आणि त्या दोन खुणा एकमेकींपासून दूर केल्या. चहा, औषध, अंग पुसणं, कशातच कमी करत नाही. रोज सकाळी टीव्ही लावून रिमोट मामाजींच्या डाव्या हातात देते. खुशबू शेजारी शांतीबाईंकडे जाऊन बघते.

मागच्या वर्षीची रोवणी आठवते का? बायका पुरेशा मिळत नव्हत्या, शेतातल्या बांध्यांमधलं पाणी उतरत चाललं होतं, आणि मी दोन दिवस पहाटेपासून कमरेत वाकून धानाचे पऱ्हे रोवत होते. मामाजींनी दोन्ही दिवस माझ्यासाठी बांधीवर चहा पाठवला. लग्नाला नऊ वर्षं झाली, असा चहा कधी आला नव्हता. तुमचाही दोन्ही संध्याकाळी फोन आला, रोवणी किती राहिली म्हणून. नवरा एवढ्या लांबून विचारतो, हे मी बायकांपुढे मिरवलं. दुसऱ्या दिवशी अंधारात शेवटची बांधी रोवून झाली तेव्हा मामाजी म्हणाले, माहेरी जा, आई गेली. ती आदल्या दिवशी सकाळीच गेली होती, आणि माझ्या भावानं, अश्विननं, तेव्हाच मामाजींना फोन केला होता. मी पोचले तोवर तो राख सावडून आला होता. मला आईचं तोंड बघायला मिळालं नाही.

मागच्या आठवड्यात मामाजींना दूध पाजत होते. पडद्यावरची नजर न काढता ते जड जिभेनं म्हणाले, "पोरी, मी त तुले दोनच दिवस अंधारात ठेवलो होतो. तू मले कितीक ठेवशीन?" म्हणजे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. शिडीचा आवाज ऐकला असेल. तुम्हाला त्यांनी एका शब्दानं सांगितलं नाही. मला लाज वाटली. राखी झाली की छत्री नीट करायची, असं मी ठरवलं. शिडीसुद्धा गोठ्यातून काढून पेरूला टेकवली.

काल राखीला अश्विन आला. जेवताना त्याच्या तोंडून निघून गेलं. त्या सकाळी मामाजींशी बोलून त्याला भरवसा वाटला नाही, म्हणून त्यानं लगेच तुम्हालाही फोन केला होता. तुम्ही म्हणालात, मी सांगतो तिला. माझं घर मोडू नये म्हणून बिचारा वर्षभर गप्प राहिला. आणि तुम्ही मला संध्याकाळी विचारत होतात, रोवणी किती राहिली. शिडी मी पुन्हा गोठ्यात ठेवली आहे. खरं काय ते तुमच्या हातानं लिहून पाठवा. मी ते मामाजींसमोर मोठ्यानं वाचीन आणि त्याच दिवशी खुणेला खूण लावीन. तोवर ते निळ्या पडद्यासमोर बसतील. किती दिवस, हे त्यांनी मला विचारलं होतं. आता ते तुम्ही ठरवा.

तुमचीच,
अंजू