मामाची गादी आणि कॅमेऱ्याची बाजू

५ मे, सकाळ
फुटबॉल क्लबात समर इंटर्न. पहिला दिवस. विभाग स्पोर्ट्स बिझनेस. घरच्यांना वाटतंय मी खेळायला चाललोय. आईने गुडघ्याला लावायचं मलम दिलं. तिला समजावलं की आजकाल खरा खेळ मैदानाबाहेर चालतो. तिने ऐकून घेतलं आणि मलम बॅगेत टाकलं.

संकल्प: उन्हाळा संपायच्या आत इथेच कायमची नोकरी. जागा एक, इंटर्न दोन. दुसरी एक मुलगी आहे. दिवसभर एक्सेलमध्ये डोकं घालून बसते म्हणून मी तिचं नाव एक्सेल ठेवलंय. व्हिजन शून्य. काळजीचं कारण नाही.

५ मे, संध्याकाळ
दिवसभर खुर्च्यांवर नंबरांचे स्टिकर चिकटवले. सहा आणि नऊमध्ये जरा गल्लत झाली. स्टिकरची डिझाइनच चुकीची आहे.

११ मे
मार्केटिंगच्या मॅडमनी विचारलं, कुणाच्या ओळखीत स्पॉन्सर आहे का. मी तडक मामाचं नाव घेतलं. मामाचं गाद्यांचं दुकान आहे.

मामा म्हणाला, मैदानावर आलेला माणूस गादी कशाला घेईल? त्याला ब्रँड म्हणजे काय ते समजावलं. मधल्या वेळात त्याने दोन गिऱ्हाइकं केली. शेवटी म्हणाला, तू म्हणतोयस ना, मग लावू बोर्ड. जन्मात कधी जाहिरात केली नव्हती बिचाऱ्याने.

१२ मे
मामाला बोर्डवर ‘येथे गाद्या व उशा मिळतील’ हवं होतं. मी लिहिलं, ‘पडलात तरी हरकत नाही!’ फुटबॉलला याहून समर्पक काय असणार? मामाला पटलं नाही. मामीला पटलं. म्हणजे बहुमत. मामाचं मन राखायला खाली फोन नंबर टाकू दिला.

नोकरी जवळजवळ पक्की, असं आईला सांगितलं. ‘जवळजवळ’ गाळून आईने सगळ्या नातेवाइकांना कळवलं.

२४ मे, सामन्याची आदली संध्याकाळ
कोणता बोर्ड कुठे, याचा नकाशा एक्सेलने केलाय. मामाचा बोर्ड पार पलीकडच्या कडेला! आणि कॅमेरा इकडे, अलीकडे. निव्वळ जळफळाट, दुसरं काही नाही.

सगळे गेल्यावर बोर्ड एकट्याने ओढत इकडे आणला आणि कॅमेऱ्याच्या मचाणाखाली उभा केला. याहून जवळची जागा मैदानात नाही. जितकं जवळ तितकं मोठं दिसणार, साधं विज्ञान आहे. तिकडे रिकामं बरं दिसेना, म्हणून इथला ‘कचरा कचरापेटीतच टाका’ तिथे नेऊन ठेवला. कंबर धरली. मलम लावलं. आईला सांगणार नाही.

मामाला फोन केला, उद्या टीव्हीसमोरून हलू नकोस.

२५ मे, दुपारी चार
सामना सुरू. बोर्ड काय झकास दिसतोय! समोर उभं राहून फोटो काढला. रेफरीने शिट्टी मारून बाहेर काढलं.

साडेचार
मामाचा फोन. बोर्ड कुठाय म्हणे. म्हटलं, नीट बघ.

पावणेपाच
पुन्हा मामा. अख्खी गल्ली दुकानात गाद्यांवर बसून बघतेय, आणि मघापासून नुसता कचरा दिसतोय म्हणे. म्हटलं, टीव्ही जुना असेल. मागून मामी म्हणाली की टीव्ही नवाकोरा आहे, आजच्यासाठीच आणलाय.

पाच
आपला गोल! स्ट्रायकर आनंदाने धावत सुटला आणि नेमकी कचऱ्याच्या बोर्डालाच मिठी मारून बसला. टीव्हीवर तेच चार वेळा दाखवलं.

मॅडम आल्या. म्हणाल्या, कॅमेरा समोर बघतो, स्वतःच्या पायाखाली नाही. एवढंच. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

पण बोर्ड जवळ होता. ते कुणी नाकारू शकत नाही.

२६ मे
मामाकडे गेलो. उत्तरं तयार ठेवली होती. मामाने प्रश्नच विचारला नाही. गल्लीत त्याने सांगितलंय की काल नुसता सराव होता, बोर्ड पुढच्या सामन्याला आहे. मामी म्हणाली, ती शेवटपर्यंत जागची उठली नव्हती, नेमका तेवढ्यात बोर्ड दाखवला तर काय घ्या! फार वाईट वाटलं. विज्ञानाचा विषय काढला नाही.

२८ मे
पुढच्या सामन्याला बोर्ड फुकट लावून द्यायचं मॅडमनी कबूल केलं. मामाने एकच अट घातली. बोर्ड पलीकडे, आणि भाचा बोर्डापासून लांब. मॅडम म्हणाल्या की दुसरा भाग त्यांनाही सुचला होता.

३० मे
नोकरी एक्सेलला. अभिनंदन केलं, मोठ्या मनाने. नकाशा कसा जमला ते विचारलं. म्हणाली, काही नाही रे, मचाणावर चढून बघितलं. याला काही व्हिजन म्हणत नाहीत, असं लिहिणार होतो. राहू दे.

आईला अजून सांगितलेलं नाही. सांगतो.

८ जून, दुपार
पार्किंगची जबाबदारी. स्वतंत्र. इथून मैदान दिसत नाही, स्टँडची मागची भिंत दिसते. आत आरडाओरडा झाला की अंदाज बांधायचा.

मामाचा फोन आला. ओरडतच होता. दिसला रे दिसला, अख्खा दिसला, फोन नंबरासकट! मागे गल्ली टाळ्या वाजवत होती. मग विचारलं, तुझ्या जागेवरून कसा दिसतोय? अट त्याचीच होती, पण आनंदाच्या भरात विसरला असावा.

भिंतीकडे बघितलं. म्हटलं, एकदम मस्त दिसतोय, मामा.