ऑरिनच्या टाकीवरची मेंढी

अ‍ॅस्टोरिया, ऑरेगन
९ मे १९९७

चि. व्हर्ल यास थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. इथे पाऊस थांबायचं नाव घेत नाही. लेकीच्या अंगणातल्या खुर्चीवर शेवाळ धरलंय, आता माझ्यावर धरायचं तेवढं राहिलंय. आयुष्यभर आपण नेवाड्याच्या उन्हात रानमेंढ्यांसाठी पावसाचं पाणी साठवत फिरलो आणि म्हातारपणी देवाने ही थट्टा केली!

जूनच्या सभेत तू संस्थेचं अध्यक्षपद सोडणार, हे वाचून बरं वाटलं. सत्तरी उलटली, पाठ कामातून गेली, आता पुरे. सभेच्या दिवशी ग्लेनला मात्र चुलीजवळ फिरकू देऊ नकोस. मागच्या वर्षी त्याने करपवलेल्या बीन्सची चव अजून माझ्या तोंडात आहे.

ऑरिनचा वाढदिवस जवळ आला. दरवर्षीसारखा त्याच्या टाकीचा फोटो पाठव. गेलेल्या सभासदाचं नाव टाकीला द्यायची आपली रीत इथल्या लोकांना विचित्र वाटते. मला तर नवऱ्याच्या थडग्यापेक्षा ती टाकी बरी वाटते. तिथे निदान कुणी पाणी प्यायला तरी येतं.

माया आहे तशीच ठेव.
तुझी,
लारूताई


सोडा वेल्स, नेवाडा
१६ जून

ती. लारूताईस व्हर्लचा सा. न.

सभा झाली. मी पद सोडतो म्हटल्याबरोबर सगळे ताटातल्या बीन्सकडे असे बघायला लागले, जणू आयुष्यात पहिल्यांदाच दिसल्यात. ग्लेन म्हणाला, त्याच्या गुडघ्यांनी केव्हाच राजीनामा दिलाय, आता हे पद त्याच्या गळ्यात कशाला मारता? शेवटी ठरलं की सप्टेंबरात पुन्हा बसायचं, आणि तोवर कुणी पुढे आलं नाही तर संस्था बंद करायची. मला वाईट वाटायला हवं होतं. नुसती झोप आली.

उन्हाळा यंदा लवकर तापलाय. फोटो सोबत ठेवलाय. भावोजींच्या टाकीवर सगळं ठीक आहे. बाकी विशेष काही नाही.

लोभ कमी होऊ देऊ नकोस.
व्हर्ल


अ‍ॅस्टोरिया
२८ जून

चि. व्हर्ल यास आशीर्वाद.

फोटो छान आहे. फक्त त्यात सगळ्यांत पुढे उभी आहे ती डाव्या शिंगाचा टवका उडालेली म्हातारी मेंढी. ती मेल्याचं तूच मला कळवलं होतंस, आणि तिचं शिंग तुझ्या शेडच्या दारावर टांगलेलं मी स्वतः पाहिलंय. मला कमी दिसतं रे, पण इतकं कमी नाही.

लहानपणी खोटं बोललास की तुझे कान लाल व्हायचे. आता कान दिसत नाहीत, पण 'बाकी विशेष काही नाही' असं तू जन्मात कधी लिहिलेलं नाहीस. टाकीचं काय झालं? रागावणार नाही असं वचन देत नाही. पण लिही.

वाट पाहते आहे.
लारूताई


सोडा वेल्स
७ जुलै

ती. लारूताईस सा. न.

पकडलंस. तर ऐक.

हिवाळ्यात भावोजींच्या टाकीला तडा गेला. त्यानंतर आलेल्या लोंढ्याने खालचा रस्ता वाहून नेला. ट्रक जात नाही, पाणी नेता येत नाही, आणि नवी टाकी खांद्यावरून वर चढवायला आता आमच्यात खांदे उरलेले नाहीत. डोंगराच्या धारेच्या पलीकडे ड्यूईची टाकी भरलेली आहे. आम्हाला वाटलं, इथल्या टाकीखालचं पिण्याचं कुंड कोरडं दिसलं की मेंढ्या आपणहून तिकडे जातील. एवढी वर्षं या कामात घालवून असं वाटलं, बघ! बऱ्याचशा गेल्याही. पण एक तरुण मेंढी आणि तिचं कोकरू हलेना. तिच्या आईने तिला हेच पाणी दाखवलंय, दुसरं तिला ठाऊकच नाही.

काल दुर्बीण घेऊन बसलो होतो. ती येते, रिकाम्या कुंडात तोंड घालते आणि तिथेच उभी राहते. कोकरू तिच्या सावलीत असतं. वर भावोजींच्या नावाची पाटी. हे तुला कसं कळवणार होतो?

ताई, मी थकलोय. आपणच त्यांना या पाण्याची सवय लावली, आणि आता पुरवता येत नाही. सप्टेंबरात संस्था बंद करतो.

तुझा,
व्हर्ल


अ‍ॅस्टोरिया
१२ जुलै

चि. व्हर्ल यास,

आशीर्वाद नंतर. आधी काम.

माझे सासरे कळप हलवायला मिठाची ढेप रोज थोडी थोडी पुढे सरकवायचे. कुत्रं नाही, आरडाओरडा नाही. तुम्ही तसंच करा. ड्यूईच्या बाजूने पाठीवर कॅन घेऊन वर चढा, तुझ्याकडे राहिलेली माझी पसरट परात त्या मेंढीजवळ भरून ठेवा आणि लांब जा. ती प्यायली की परात थोडी पुढे, धारेकडे. पुन्हा थोडी पुढे. ग्लेनला सांग, गुडघ्यांचा राजीनामा नामंजूर.

ऑरिनची पाटी काढून घे. कोरड्या कुंडावर त्याचं नाव मला बघवणार नाही. मेंढ्यांना वाचता येत नाही, आणि मला ती न वाचताही दिसते. रडले, ते खरंय. पण त्या कोकरासाठी रडले की ऑरिनसाठी, ते मलाच कळलं नाही.

संस्था बंद कर, मी अडवणार नाही. फक्त आधी तिला पाणी पाज.

लारूताई


सोडा वेल्स
३ ऑगस्ट

ती. लारूताईस सा. न.

पाटी काढली. माझ्या स्वयंपाकघरात आहे, तू येशील तेव्हा घेऊन जा.

परात सरकवत राहिलो. ग्लेन प्रत्येक चढाला तुझ्या नावाने शिव्या घालत होता, पण त्याने एकही खेप चुकवली नाही. धारेवर मेंढी अडली. परात खाली दिसत होती तरी मागे वळून भावोजींच्या टाकीकडे बघत राहिली. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात कोकरूच पुढे निघालं आणि ती त्याच्यामागे उतरली. आज सकाळी दोघं ड्यूईच्या कुंडावर होती. आधी कोकरू प्यायलं.

आता त्याला ते पाणी कळलंय, म्हणजे पुढच्या उन्हाळ्यातही ते तिथेच येणार. तेव्हा सप्टेंबरात काय होणार ते तुझ्या ध्यानात आलंच असेल. अध्यक्ष पुन्हा मीच. थकवा आहे तिथेच आहे, पाठही.

फोटो पाठवत नाही. कॅमेरा गळ्यात होता, पण डोळ्यांवरची दुर्बीण काही खाली ठेवली नाही. या वेळी माझ्या शब्दावरच विश्वास ठेव.

तुझा धाकटा,
व्हर्ल